थोरल्यांचा घास

थोरल्यांच्या मेंदूत अळ्या निघाल्या.

डॉक्टरांनी तीन वेळा काच बदलून पाहिली. तिन्ही काचांवर तेच. केसाहून बारीक, अर्धवट गुंडाळलेल्या अळ्या मेंदूच्या आवरणात रुतून बसल्या होत्या. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांना फोन लावला.

"साहेब, विष नाही. हृदयही नाही. जंत आहे, उंदराचा."

थोरले म्हणजे गोरिला. वजन एकशे ऐंशी किलो, वय बत्तीस, पाठीवर चंदेरी केसांचा पट्टा. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण वानरघरात सगळे त्यांना थोरले म्हणत आणि अहोजाहो करत. "थोरले उठले का?" "थोरले आज रुसलेत, जरा जपून." एवढा मान तिथे साहेबांनाही नव्हता.

बारा दिवसांपूर्वी थोरले तिरके चालू लागले. मग दिवसभर भिंतीला कपाळ टेकून उभे राहू लागले. मग डावा हात गेला. शेवटचे तीन दिवस फक्त डोळे हलत होते. गुरुवारी दुपारी तेही थांबले. तेव्हा जाळीतून हात घालून मामा त्यांच्याशेजारी बसले होते.

मामा म्हणजे वानरघराचे मुख्य रखवालदार. बावीस वर्षांची नोकरी. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या हातात निलंबनाचा कागद पडला. कारण एकाच शब्दात होतं: निष्काळजीपणा.

साहेबांचा हिशेब सोपा होता. हा जंत उंदरात राहतो. त्याची पिल्लं उंदराच्या लेंडीतून गोगलगायीत जातात. भाजीच्या पानाला चिकटून गोगलगाय पोटात गेली की अळ्या थेट मेंदू गाठतात. भाजी धुण्याच्या वहीत सही मामांची. म्हणजे भाजी नीट धुतली नाही. खापर फोडायला डोकं मिळालं, प्रकरण मिटलं.

पण गोरिला मेला की वरच्या कार्यालयातून चौकशी अधिकारी येतोच. यावेळी सुईबाई आल्या.

हे नाव त्यांच्या तोंडावर कोणी घेत नसे, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. बाई पूर्वी जनावरांच्या डॉक्टर होत्या. आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. अंगाने लहानखुऱ्या, आवाज कधी चढत नसे. प्रश्न टोचला की टोचलेला कळत नसे, दुखायला मागाहून लागायचं.

शनिवारी सकाळी त्या वानरघरापाशी पोचल्या तेव्हा मामा बाहेरच्या बाकावर बसलेले होते.

"मामा तुम्हीच?"

"मीच. पण मला आत जायला बंदी आहे, मॅडम."

"बाहेर बोलू. भाजी धुतली होती?"

"धुतली होती."

"कशी?"

"तीन टब. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं, तिसऱ्यात परत साधं. पान न् पान सुटं करून."

"एखादं पान राहिलं असेल."

"राहिलं असेल तर आतल्या तिघी माद्या कशा काय धडधाकट आहेत?" मामा म्हणाले. "भाजी एकाच टोपलीतून जाते. थोरल्यांच्या ताटातली पानं त्या तिघी पळवतात. मग थोरले एकटेच कसे गेले?"

सुईबाईंनी वहीतून मान वर केली. साहेबांच्या दोन पानी अहवालात हा प्रश्न नव्हता.

मामा त्यांच्याकडे वळले ते पूर्ण अंगाने. मान तेवढी वळत नव्हती. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि गळ्याभोवती, शर्टाच्या आतून, जुन्या मऊ धोतराचा तुकडा सारलेला होता.

"मान धरलीय?"

"बाकावर झोपल्यावर धरणारच."

"डोकं?"

"घरातलं माणूस गेल्यावर डोकं दुखतंच, मॅडम." मग मामांचा आवाज बदलला. "हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलंय. मला फक्त नाव कळू दे. त्याचे हात मुळापासून उखडले नाहीत तर बघा."

"असं माझ्यासमोर बोलू नका. मला लिहावं लागतं."

"लिहा. ठळक अक्षरात लिहा."

बाईंनी लिहिलं.

तिथून त्या कोठीत गेल्या. प्राण्यांचं खाणं तयार करायची ती लांबलचक खोली काकूंच्या ताब्यात होती. काकू हाडापेराने मजबूत, हातात सुरी असताना बोलण्याची सवय. वर्षभरापूर्वी मामांनी सडक्या केळ्यांवरून त्यांची तक्रार केली होती, तेव्हापासून दोघांत अबोला होता. हे काकूंनी न विचारताच सांगून टाकलं.

"तरी सांगते, भाजी त्यांनी धुतली होती. माझं त्यांचं पटत नाही, पण डोळे शाबूत आहेत माझे."

"थोरल्यांना बाकीच्या तिघींपेक्षा वेगळं काय जायचं?"

"औषधाचा गोळा. त्यांचं काळीज कमजोर होतं ना. सहा-सात वर्षं झाली, रोज सकाळी गोळा."

"तुम्ही करता?"

"केळं, ओट्स आणि चमचाभर पीनट बटर. सोमवारी सात गोळे करायचे आणि फ्रीझरमध्ये टाकायचे. ते त्या आठवड्यात वापरायचे नाहीत, पुढच्या सोमवारपासून काढायचे. डॉक्टरांचा नियम आहे. जंतू मरतात म्हणे."

"मग?"

"मग रोज एक गोळा मी आदल्या संध्याकाळी औषधखोलीच्या खिडकीत देते. तिथे रात्रभरात त्याचा बर्फ सुटतो. सकाळी वहिनी गोळी कुटून आत भरतात. साडेआठला मामा डबा घेऊन जातात."

"आता फ्रीझरमध्ये किती आहेत?"

"अकरा. टाकवेना मला."

सुईबाईंनी अकराही गोळे डॉक्टरांकडे तपासायला पाठवले आणि पाठोपाठ स्वतः गेल्या.

डॉक्टर हुशार होते, फक्त भिडस्त. साहेबांना थोरले दुसरीकडे पाठवायचे होते, मामा आडवे आले होते आणि डॉक्टर दोघांनाही हो म्हणाले होते. असा त्यांचा स्वभाव.

"उणे वीस तापमानात सात दिवस," सुईबाई म्हणाल्या. "यात ही अळी जगते?"

"शक्यच नाही. म्हणून तर नियम केला. दोन वर्षांपूर्वी खताच्या शेडमागच्या गोगलगायी तपासल्या होत्या. दहातल्या चार बाधित. मी फलक लावला, बैठक घेतली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कुणाला माहीत नाही असं नाही."

"एका गोगलगायीत अळ्या किती असतात?"

"हजारो असू शकतात."

"आणि थोरल्यांच्या मेंदूत?"

डॉक्टर खुर्चीत चुळबुळले. "पानाला चुकून चिकटलेल्या एखाद्या पिल्लाच्या मानाने फार. फारच."

"हे अहवालात का नाही?"

"साहेब म्हणाले, एका पानात बसवा."

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. डॉक्टरांचे कान लाल झाले.

औषधखोली वानरघराच्या मागच्या अंगाला होती. एक खिडकी, एक टेबल, छतापर्यंत बाटल्या. कंपाउंडरचं काम एक चाळिशीची बाई करत होती. सगळे तिला वहिनी म्हणत. पांढरा कोट स्वच्छ, केस घट्ट बांधलेले. बाटलीवर चिठ्ठी डकवताना तिने सुईबाईंना खुर्ची दाखवली.

"इथे किती वर्षं?"

"सहा."

"गोळ्यात औषध तुम्हीच भरायच्या?"

"पिंजरा एकचं औषध मीच भरते." तिने वही पुढे केली. "एकही दिवस चुकलेला नाही. माझी रजा असली तर भरून ठेवून जाते."

बाईंनी पानं उलटली. सहा वर्षांच्या रकान्यांत सरळ, टपोरं अक्षर. एक दिवस मोकळा नव्हता.

"थोरल्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"वानरघरात माझं काम नसतं. मी खिडकीतून डबा देते."

"सहा वर्षांत कधीच नाही?"

"कामच नसतं."

खिडकीबाहेर पाच कुंड्या होत्या. हिरवीगार झाडं, एकही पान कुरतडलेलं नाही.

"कुंड्या छान ठेवल्यात. इथे गोगलगायी नाहीत वाटतं?"

"आहेत की. रोज सकाळी वेचते, हातमोजे घालून."

"आणि कुठे टाकता?"

"मिठाच्या पाण्यात."

उत्तरं नीटनेटकी होती. चिठ्ठ्यांसारखीच, कुठे कड निघालेली नाही.

दुपारी सुईबाईंनी मामांची नोकरीची फाइल मागवली. फाइल जाड होती, पण शेरा एकच वाईट, कालचा. मध्ये मात्र एका जुन्या अपघाताचा अहवाल लावलेला होता. सहा वर्षांपूर्वीचा. मामांच्या हाताखालचा रखवालदार, वय चौतीस, आतली खोली साफ करायला गेला. दोन खोल्यांमधलं सरकतं दार बंद नव्हतं. गोरिलाने त्याला भिंतीवर आपटलं. दोन तासांनी इस्पितळात त्याचा जीव गेला.

पद्धत अशी होती: एकाने कडी टाकायची आणि मोठ्याने "बंद!" म्हणायचं. ते ऐकल्यावरच दुसऱ्याने आत पाऊल टाकायचं. अहवालात लिहिलं होतं, "मयत हा इशाऱ्याची वाट न पाहता स्वतःच्या निष्काळजीपणामुळे आत गेला." साक्षीदार एकच, मामा. शेवटी दोन ओळी: गोरिलाला दोष नाही, त्याला मारू नये. मयताच्या पत्नीला अनुकंपेवर नोकरी द्यावी.

बाईंनी "निष्काळजीपणा" या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. मग कालचा निलंबनाचा कागद शेजारी ठेवला आणि तिथेही मारली.

त्या परत बाकापाशी आल्या.

"मामा, शर्ट अंगाला सहन होत नाही ना?"

मामांचा हात गळ्यातल्या धोतराच्या तुकड्याकडे गेला.

"कापड घासलं की भाजल्यासारखं होतं. डोकं फुटायला येतं. मान हलत नाही. कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असतील. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकाने. हा जंत माणसालाही होतो. तुम्ही काय खाल्लंत?"

"घरचा डबा."

"मामा."

त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. "नियमाबाहेर आहे, मॅडम. प्राण्याच्या ताटातलं खाल्लं तर नोकरी जाते."

"आता कुठली नोकरी राहिलीय?"

मग मामा बोलले. त्या अपघातानंतर थोरल्यांनी नऊ दिवस अन्न सोडलं होतं. कोणाच्या हातचं घेईनात. दहाव्या दिवशी मामांनी त्यांच्यासमोर गोळा मोडला, नखाएवढा तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि उरलेला पुढे केला. थोरल्यांनी खाल्ला. तेव्हापासून सहा वर्षं रोज सकाळी तेच. आधी मामांचा घास, मग थोरल्यांचा.

"हे कोणाला माहीत आहे?"

"वानरघरात येणाऱ्या सगळ्यांना. काकू बघते, डॉक्टर बघतात. साहेबांनीही एकदा पाहिलंय. बोलत कोणी नाही."

"गोळा तुमच्या हातात आल्यावर दुसरं कोणी हात लावायचं?"

"छे. मीच उघडायचो, मीच..." मामा मध्येच थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे त्यात होतं? मॅडम, मी खाल्लं म्हणून ते खायचे. मी खात्री दिली त्यांना. रोज."

एवढा मोठा माणूस तोंडावर हात घेऊन रडला. सुईबाईंनी त्याला रडू दिलं आणि मग स्वतःच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं.

सोमवारी सकाळी अकराला साहेबांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. साहेब टेबलाच्या टोकाला. डॉक्टर, काकू, वहिनी. मामांना इस्पितळातून चाकाच्या खुर्चीवर आणलेलं होतं, मनगटावर सलाइनची पट्टी. शेजारी त्यांची बायको उभी होती.

"लवकर आटपू या," साहेब म्हणाले. "अहवाल तर झालेलाच आहे."

"आटपू या," सुईबाई म्हणाल्या. "मामांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. त्यांनाही तोच आजार आहे. थोरल्यांच्या औषधाच्या गोळ्यातून झालाय."

खोलीत एकदम आवाज झाला. काकूंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. डॉक्टर अर्धवट उठले. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला.

"ते गोळा खातात?" वहिनी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. सुईबाई तिच्याकडे वळल्या.

"हे मला ऐकायचं होतं. या खोलीत सगळ्यांना धक्का बसला तो मामा आजारी आहेत म्हणून. तुम्हाला एकटीला बसला तो मामा खातात म्हणून."

वहिनीने कोटाच्या खिशात हात घातले.

"आता मी सांगते, चुकलं तर अडवा," सुईबाई म्हणाल्या. "चौघांनी एकच भाजी खाल्ली आणि एकच मेला. म्हणजे भाजी नाही. थोरल्यांना एकट्यांना जात होता तो गोळा. कोठीत काही मिसळलं असतं तर सात दिवसांच्या बर्फात मेलं असतं. उरलेले अकरा गोळे डॉक्टरांनी तपासले, स्वच्छ निघाले. म्हणजे घाण पडली ती गोळ्याचा बर्फ सुटल्यानंतर. त्यानंतर तो दोनच माणसांच्या हातांत जातो. एक वहिनींचे, एक मामांचे."

"मग मामाच," साहेब घाईने म्हणाले.

"मामा स्वतः त्यातलं खात होते, साहेब. अळ्या घातलेला गोळा कोण तोंडात टाकेल? आणि ते खातात हे वानरघरात येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. ज्याला माहीत होतं, त्याने हा मार्ग धरलाच नसता. कारण मामा आजारी पडले की न धुतलेल्या भाजीची गोष्ट कोसळते. हे करणारा माणूस असा हवा, जो वानरघरात कधी गेलाच नाही. सहा वर्षांत एकदाही नाही."

काकूंनी वहिनीकडे पाहिलं.

"कुंड्यांतल्या गोगलगायी वेचायला रोज सकाळी हातमोजे घातलेले असतात. त्यांचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही. गोळी कुटायचा खल समोरच असतो. केळ्याच्या आणि पीनट बटरच्या चवीत काय कळतंय?"

"पण वहिनी कशाला असं करतील?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही तिला वहिनी का म्हणता?"

"सगळेच म्हणतात."

"कामावरच्या बाईला ताई म्हणतात, मॅडम म्हणतात, फार तर काकू म्हणतात. वहिनी कधी म्हणतात? तिच्या नवऱ्याशी आधी ओळख असली की. थोरल्यांनी ज्याला भिंतीवर आपटलं, त्या रखवालदाराची ही बायको. तुम्ही सगळ्यांनी तिला अनुकंपेची नोकरी दिलीत. आणि काम काय दिलंत? नवऱ्याला मारणाऱ्या प्राण्याचं हृदय चालू ठेवायचं. रोज, स्वतःच्या हाताने. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही."

साहेबांनी मान खाली घातली.

"तरी मला एक कोडं होतं," सुईबाई पुढे म्हणाल्या. "प्राण्याला मारायचं तर औषधाची मात्रा तिप्पट करायची. कमजोर हृदय, एका रात्रीत गेलं असतं, कोणी विचारलंही नसतं. हा हळू, वेडावाकडा मार्ग कशासाठी? मग दोन कागद शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच शब्द. या मरणाचा आळ रखवालदाराच्या निष्काळजीपणावर येतो, दुसऱ्या कशावर येत नाही. म्हणून हा जंत. सूड थोरल्यांवर नव्हता. मामांवर होता."

"तीन दिवस घातलं," वहिनी म्हणाली. तिने खिशातून हात काढले आणि टेबलावर ठेवले. "महिन्यापूर्वीचा सोमवार, मंगळवार, बुधवार. लिहून घ्या."

मामा खुर्चीतून उठू लागले. बायकोने खांदा दाबून बसवलं.

"तू?" मामा ओरडले. "त्यांनी तुझं काय..."

"त्यांनी काहीच नाही!" आता वहिनीचा आवाज चढला. "त्याला दार उघडं मिळालं, तो बाहेर आला, समोर माणूस दिसला, घाबरला. मुक्या जनावराशी माझा कसला दावा? सहा वर्षं त्याचं काळीज मीच चालवलंय. त्याला मी मारलं, ते मला जन्मभर छळेल. छळू दे. पण तुम्ही सांगा, मामा. दार उघडं कसं होतं?"

मामा खुर्चीत परत टेकले.

"घराची कडी तीनदा बघितल्याशिवाय माझा नवरा झोपायचा नाही. इस्पितळात दोन तास शुद्धीवर होता. मला म्हणाला, मामांनी बंद म्हटलं होतं गं. मी याच टेबलापाशी उभी राहून सांगितलं. साहेब म्हणाले, मरताना माणूस बडबडतो. मला कागद दिला. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." ती मामांकडे वळली. "आठ दिवसांनी तुम्ही घरी आलात. माझ्या सासूबाईंनी तुमच्यापुढे हात जोडले. म्हणाल्या, माझ्या पोराच्या वेंधळेपणाचा तुम्हाला ताप झाला, माफ करा. तुम्ही गप्प बसलात. चहा प्यायलात आणि गेलात."

ती मामांच्या खुर्चीकडे एक पाऊल पुढे आली.

"विष घातलं असतं तर लोक खुनी शोधत बसले असते. मला खून दाखवायचा नव्हता. मला तो शब्द हवा होता, तुमच्या नावापुढे. तुम्ही खरं सांगावं आणि कोणी विश्वास ठेवू नये. एवढंच हवं होतं."

सुईबाई मामांकडे वळल्या. मामांनी दोनदा बायकोकडे पाहिलं.

"मी बंद म्हणालो होतो," शेवटी ते म्हणाले. "कडी टाकली नव्हती. रोज शंभरदा तो शब्द निघतो, त्या दिवशी हाताच्या आधी तोंड चाललं. तो माझ्या भरवशावर आत गेला. नंतर चौकशीत विचारलं, तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, गेलेल्याला काय फरक पडतो."

त्यांची बायको त्यांच्या खुर्चीपासून दोन पावलं मागे सरकली.

"हे तुम्ही लिहून सही कराल?" सुईबाईंनी विचारलं.

"करीन."

त्यांनी आठ ओळी लिहिल्या. सही केली. बाईंनी जुन्या अहवालावर नवी नोंद केली: मयताने इशारा ऐकूनच आत प्रवेश केला, त्याची चूक नव्हती. मग तो कागद वहिनीपुढे सरकवला. तिने तो दोनदा वाचला. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने कोटाच्या बाहीने पुसून टाकलं.

खाली पोलिसांची गाडी उभी होती.

"वहिनी," मामा म्हणाले. "मी आजच तुमच्या सासूबाईंकडे जातो. त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. सगळं माझ्या तोंडाने सांगतो."

"नाही."

"मला एकदा..."

"तुम्ही त्या दारात पाऊल ठेवायचं नाही. तुम्ही रडाल, ती म्हातारी मऊ आहे, तुम्हाला माफ करून मोकळी होईल. तुम्हीही मोकळे व्हाल. ते मी होऊ देणार नाही." ती सुईबाईंकडे वळली. "मॅडम, याची नक्कल पोस्टाने जाऊ दे. माझ्या अटकेची बातमी पोचायच्या आत. पत्ता सांगते."

सुईबाईंनी पाकीट ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. वहिनीने पत्ता सांगितला. आधी सासूबाईंचं पूर्ण नाव, मग घर, गल्ली, शेवटी पिनकोड. प्रत्येक आकडा सुटा सुटा. मामा खुर्चीत बसून ऐकत होते, आणि त्यांना तिथून घेऊन जायला कोणीही पुढे आलं नाही.